वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी मोटार: चावी फिरवण्याआधीची कामं, क्रमाने

जुनी गाडी हाती आली की पहिल्या तासाभरात झालेल्या चुका सर्वांत महाग पडतात. नवी बॅटरी जोडायची, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतायचं आणि सेल्फ मारायचा, हा क्रम बहुतेक जण धरतात. त्यात अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो, टाकीतला गंज कार्बोरेटरात उतरतो, कोरड्या बेअरिंगांवर ओरखडे पडतात. एवढं होऊनही इंजिन लागलंच, तर ब्रेक नसलेली गाडी चालू होते.

खालचा क्रम कार्बोरेटर, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि ड्रम ब्रेक असलेल्या, काही वर्षं न हललेल्या पेट्रोल गाडीसाठी आहे. पत्राकाम आणि रंग यात मुद्दाम घेतलेले नाहीत. गाडी चालत आणि थांबत नाही तोवर रंगाला हात लावू नये. इंजिन वरखाली करताना नवा रंग खरवडला जातोच.

१. जागा, हत्यारं आणि नोंदी

जमीन सपाट आणि कठीण हवी, हवा खेळती हवी. चार जॅक स्टँड, चाकांना लावायला लाकडी पाचरी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना, मल्टिमीटर आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक ही किमान सामग्री. अग्निशामक हाताशी ठेवा, बॉनेटच्या पलीकडे नको; आग लागली तर तिथे हात पोचत नाही.

त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. या लेखातले आकडे बऱ्याच गाड्यांना लागू पडतात. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअल खरं.

प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढा: एक लांबून, एक जवळून. बोल्ट एकाच डब्यात टाकू नका. ज्या भोकातून बोल्ट निघाला तो भाग सुटा झाला, की बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. ते शक्य नसेल तर चिठ्ठी घालून पिशवीत ठेवा. याला कारण आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत एकाच वाहनात बीएसएफ आणि युएनएफ अशा दोन जातींचे आटे सापडतात. ५/१६ इंची बीएसएफला इंचात २२ आटे, तर युएनएफला २४. दोन-तीन फेरे बसतो म्हणून जोर दिला की आटे गेलेच.

थांबा: फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे आधार म्हणून चालत नाहीत. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

२. बॅटरी न जोडता तपासणी

एअर क्लीनर उघडा, हीटरच्या नळ्यांत आणि सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून पाहा. उंदरांची घरटी नेमकी याच जागी असतात. वायरी कुरतडल्या आहेत का, कापडी किंवा रबरी आवरण वाकवल्यावर चुरा होऊन पडतं का, ते बघा.

मग डिपस्टिक. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. पेट्रोल तिथून थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात उतरतं. ड्रेन प्लग हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. पाणी किती निघालं ते मोजून लिहून ठेवा, पुढे हेड गॅस्केटचा संशय आला तर हा आकडा उपयोगी पडतो.

३. इंजिन हाताने फिरवणं

इथे घाई झाली की इंजिन उघडायची वेळ येते.

गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना पाचरी. प्लगच्या वायरींना नंबर द्या. प्लगभोवतीची माती ब्रशने आणि हवेने काढा, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरात पडेल. प्लग पाव फेरा सैल करा; किरकिरला तर परत आवळा, गंज सोडवणारं तेल टाका, तासभर थांबा.

प्रत्येक सिलिंडरात १० ते १५ मिलि पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून फिरवून पाहा. हलकं डुलवायचं: थोडं पुढे, थोडं मागे. हँडल वापरत असाल तर अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत वळवू नका.

इंजिन जाम असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरात सुमारे ३० मिलि घाला. हे मिश्रण लगेच वेगळं होतं, म्हणून घालण्याआधी हलवा. दोन दिवस ते आठवडा थांबा, रोज एकदा डुलवा. ॲसिटोन पेट घेतं आणि रंग उतरवतं, तेव्हा फेंडरवर जाड कापड टाका.

काय करू नये: पान्याला आणखी पाइप लावून जोर देणं, गिअरात टाकून गाडी ओढणं, सेल्फने झटके देणं. गंजलेल्या सिलिंडरात रिंग चिकटलेली असते. ती सुटत नाही, तुटते. आठवडाभरात हललं नाही तर हेड उतरवा. जोर वाढवण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

इंजिन फिरू लागलं की रॉकर कव्हर काढा (साइड-व्हॉल्व्ह इंजिन असेल तर टॅपेटचं झाकण). क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून पूर्ण मिटतो का, ते एकेक करून मोजा. एखादा वरती न येता खालीच राहिला तर तिथेच थांबा. दांड्यावर तेल सोडा, स्प्रिंगच्या टोपीवर लाकडी ठोकळा ठेवून हलके टोले द्या, पुन्हा फिरवा.

तपासा: दोन फेरे कुठेही न अडता, एकसारख्या जोराने होत आहेत? सगळे व्हॉल्व्ह हलत आहेत? मगच पुढे. कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) आत्ता मोजू नका. चिकटलेल्या रिंगांमुळे आकडा हमखास कमी येतो आणि त्यावरून चांगली इंजिनं विनाकारण उघडली जातात.

४. ऑइल आणि पाणी

शक्य असेल तर चेंबर उतरवा. तळाशी काळा गाळ बसलेला असतो आणि ऑइल पंपाची जाळी त्यातच असते. गाळ न काढता नवं ऑइल भरलं, तर ते तोच गाळ सैल करून जाळीवर आणून बसवतं.

फिल्टर डब्याच्या जातीचा असेल तर जुनी रबरी रिंग खाचेतून टाचणीने उकरून काढा. ती इतकी दबलेली असते की दिसतच नाही. तिच्यावर नवी रिंग बसली, की दाब येताच ऑइल बाहेर उडतं.

कोणतं ऑइल? महायुद्धानंतरच्या बऱ्याचशा पेट्रोल इंजिनांना २०डब्ल्यू-५० मिनरल चालतं. आजच्या गाड्यांचं पातळ ऑइल घालू नका. जुन्या दोरीच्या सीलमधून ते गळतं आणि दाबही कमी राहतो. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतील तर जीएल-४ दर्जाचं ऑइल घ्या. फक्त जीएल-५ असलेली काही ऑइलं पिवळ्या धातूला खातात. आणि गिअरबॉक्स किंवा मागच्या ॲक्सलचं ऑइल काढण्याआधी भरण्याचा प्लग उघडतो का ते बघा. रिकामा गिअरबॉक्स आणि न उघडणारा भरण प्लग, अशी अवस्था फार जणांची होते.

रेडिएटरसोबत ब्लॉकचा नळही उघडा. नळ उघडूनही पाणी येत नसेल तर भोकात तार घालून गाळ फोडा. थर्मोस्टॅट काढून रेडिएटर उलट्या दिशेने, म्हणजे खालून वर, पाणी सोडून धुवा. सगळे रबरी होज बदला. बाहेरून चांगला दिसणारा होज आतून सोललेला असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. तांब्या-पितळेच्या, डाख लावलेल्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट सुरक्षित. झाकण मूळ दाबाचंच हवं. ७ पौंडांच्या जागी १३ पौंडांचं झाकण लावलं की डाख सुटतो.

५. पेट्रोलची वाट: टाकीपासून जेटपर्यंत

जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून संपवायचा विचार करू नका. उघड्यावर, आग आणि ठिणगीपासून लांब, धातूच्या कॅनमध्ये काढा. विजेचं ड्रिल किंवा साधा दिवा जवळ नको.

टाकी उतरवाच. आत गंज असेल तर: गेजचा फ्लोट काढा, भोकं बंद करा, लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. २४ तासांनी ओता, पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा फिरवा, परत धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. वाळली की थोडं पेट्रोल आणि ऑइल घालून सगळ्या बाजूंनी घोळवा. हे राहिलं तर तासाभरात तांबूस थर परत येतो.

टाकीत साखळी किंवा खिळे घालून खळखळवण्याचा प्रकार टाळा. कोपऱ्यात एखादा तुकडा राहतोच. आतून लावायचं सीलर हा शेवटचा उपाय. नीट न धुतलेल्या टाकीत लावलं तर वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि पेट्रोलची नळीच बुजते.

थांबा: टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग किंवा डाख लावू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा स्फोट होण्याजोग्या प्रमाणात असते.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घ्या, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. आर९ असा छाप असलेली नळी चालते. जुनं रबर इथेनॉलमुळे मऊ पडून आतून चिरतं. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या काही दिवसांत टाकीची खरी अवस्था तोच सांगतो.

कार्बोरेटर टेबलावर, पांढऱ्या कापडावर उघडा. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर पेट्रोल शिरलंय. ऐकू येत नसेल तरी गरम पाण्यात बुडवून धरा, बुडबुडा आला तर भोक आहे. जेट साफ करायला स्टीलची तार वापरू नका, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. नायलॉनचा केस किंवा तांब्याच्या वायरीचा एक धागा पुरतो. नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला कडं उमटलं असेल तर सीटसकट बदला. एसयू जातीचा कार्बोरेटर असेल तर वरचा पिस्टन उचलून सोडा. तो खाली बसताना स्पष्ट टक् असा आवाज यायला हवा.

६. वायरिंग आणि ठिणगी

आधी अर्थिंग कोणतं ते ओळखा. १९६०च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत. आजच्या सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडलं की डायनॅमो आणि रेडिओ दोन्ही संकटात. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचा जम्प देऊ नका. ६ व्होल्टचा सेल्फ रडत फिरत असेल तर बहुधा केबल बारीक आहे किंवा अर्थ गंजला आहे.

बॅटरी थेट जोडण्याआधी १२ व्होल्टच्या गाडीत २१ वॉटचा बल्ब बॅटरी आणि केबल यांच्यामध्ये मालिकेत लावा. सगळे स्विच बंद, दारं मिटलेली. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज एकेक काढत तो गट शोधा. बल्ब पेटला नाही, मगच थेट जोडा.

पॉइंट बारीक कानशीने सपाट करा. एमरी पेपर नको, त्याचे कण पॉइंटात रुततात. कॅमच्या उंचवट्यावर फिबर (पॉइंटचा कॅमला टेकणारा तुकडा) आलं असताना फट ०.३५ ते ०.४० मिमी. नवे पॉइंट बसवत असाल तर त्यांच्यावर गंज रोखणारा थर असतो, तो स्पिरिटने पुसा. ‘नवे पॉइंट टाकले आणि ठिणगीच गेली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. कॅमवर मोहरीएवढं ग्रीस लावा, अधिक नको. प्लगची फट ०.६ मिमी. चालणारा जुना कंडेन्सर फेकून देऊ नका, सुटा भाग म्हणून जपा.

टायमिंग उभ्या इंजिनावर लावता येतं. पुलीची खूण जुळवा. कॉइलचं जे टोक डिस्ट्रिब्युटरकडे जातं, तिथून बॉडीला एक छोटा बल्ब जोडा. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर हळू फिरवा. बल्ब पेटतो तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. लगेच आवळा आणि इग्निशन बंद करा. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू राहिलं तर कॉइल भाजते.

७. ब्रेक, क्लच, टायर

इंजिन चालू करण्याआधी हे काम संपलं पाहिजे. लोक उलट करतात, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची घाई असते.

ड्रम निघत नसेल तर ॲडजस्टर पूर्ण मागे घ्या. पुष्कळ ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत ड्रम ओढून काढा. हातोडा मारू नका, ओतीव लोखंड फुटतं.

थांबा: जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. धूळ हवेने उडवू नका, फुंकर मारू नका, घासू नका. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसा, बारीक कणांसाठीचा मास्क लावा, चिंध्या ओल्याच बंद पिशवीत घाला.

व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतो आहे. आतला पृष्ठभाग नखाला लागण्याइतका खड्डेदार असेल तर होन करून (आतून दगडाने घासून) भागत नाही. नवा घ्या किंवा पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह बसवून घ्या. लवचीक होज न बघता बदला. ते आतून फुगतात. पेडल दाबल्यावर द्रव जातो पण परत येत नाही आणि ब्रेक धरून बसतो.

प्रणालीत कोणता द्रव आहे हे कळत नसेल तर एक थेंब पाण्यात टाका. ग्लायकोलचा डॉट ३ किंवा डॉट ४ मिसळतो, मिनरल किंवा सिलिकॉनचा वर तरंगतो. यांची सरमिसळ झाली की रबर फुगतं किंवा द्रवाचा जेलीसारखा गोळा होतो. रबरी भाग पेट्रोलने धुऊ नका, नवा ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. पेडल तळापर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग कधी वापरलाच गेलेला नसतो आणि तिथला गंज रबरी कप फाडतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की प्रश्न मिटतो.

तपासा: पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. एकेरी सर्किटच्या गाडीत एक गळती म्हणजे चारही ब्रेक गेले.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल तर पेडल दाबून लाकडाने टेकवून रात्रभर ठेवा. बहुतेक वेळा सुटते. टायर नक्षी शाबूत असली तरी कडांना भेगा असतील तर बाद. टायरच्या बाजूवरच्या छापात शेवटी चार आकडे असतात, आधीचे दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे.

८. पहिला स्टार्ट

सोबत दुसरा माणूस हवा: एक चावीपाशी, एक अग्निशामक घेऊन इंजिनापाशी. गाडी उघड्यावर काढा.

प्लग बाहेर, कॉइलची वायर सुटी. सेल्फ १० सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. ऑइलच्या गेजवर काटा हलेपर्यंत किंवा रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत हे चालू ठेवा. पाच-सहा वेळांनंतरही काही नाही, तर ऑइल पंपात हवा अडकली असेल. पंप भरल्याशिवाय इंजिन लावू नका.

मग प्लग बसवा, फायरिंग ऑर्डरप्रमाणे वायरी लावा, टाकीत ताजं पेट्रोल ५ लिटर. पंपाला हाताने चालवायची कळ असेल तर फ्लोटची वाटी भरून घ्या. सेल्फ मारताना कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नका. एक उलटा भडका आणि हातातल्या बाटलीसकट पेट घेतं.

इंजिन लागलं की पहिली नजर ऑइलच्या गेजवर. दहा सेकंदांत दाब आला नाही तर बंद. आला तर रेस न करता, चोक जमेल तसा आत ढकलत, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा. निळा धूर थोडा वेळ येतोच, सिलिंडरात घातलेलं ऑइल जळतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: चोक किंवा फ्लोट. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय, तिथे थांबा. बंद केल्यावर खाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी प्रत्येक डागाच्या वर काय आहे ते लिहा.

९. पहिले काही किलोमीटर आणि पुढचं वर्ष

अंगणातच पाच मीटर पुढे, ब्रेक. पाच मीटर मागे, ब्रेक. हे निर्दोष झालं की रस्ता. पहिल्या दहा किलोमीटरनंतर चाकांचे नट आवळून बघा आणि हात प्रत्येक ड्रमजवळ न्या. एकच ड्रम तापला असेल तर तो ब्रेक धरतो आहे. शंभर-दीडशे किलोमीटरला इंजिन ऑइल गरम असतानाच पुन्हा बदला. कॉम्प्रेशन आता मोजा, आता तो आकडा खरा.

ऑइल वर्षातून एकदा, गाडी चालो न चालो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं: कोरड्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५पर्यंत उतरतो. ग्रीस निपलना मॅन्युअलने सांगितलेल्या अंतरावर ग्रीस मारा, आणि किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) मारताना चाक जमिनीवरून उचलून. भार असताना ग्रीस भार नसलेल्या बाजूलाच जातं.

दर आठवड्याला पाच मिनिटं उभ्या उभ्या इंजिन चालवायची सवय सोडा. त्याने ऑइल तापत नाही, उलट पाणी आणि पेट्रोल चेंबरमध्ये साठतं, सायलेन्सर आतून सडतो. महिन्यातून एकदा वीस-तीस किलोमीटर चालवा, नाहीतर मुळीच लावू नका.

गाडी काही महिने उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना पाचरी लावा, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. बॅटरी काढा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, सायलेन्सरच्या आणि एअर क्लीनरच्या तोंडात चिंधी कोंबा. काय काय काढलं, काय बंद केलं, ते मोठ्या अक्षरात लिहून ती चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा.